डाव्या बाजूचं पाणी

"खांब. अजून. अजून थोडं. डावीकडे बादली आहे. बस्स."

भर पावसात काचा अर्ध्या खाली ठेवून रेडीजसाहेबांची पद्मिनी माझ्या दुकानाच्या शेडखाली शिरली ती अशी. आवाज इंदूकाकूंचा, स्टेअरिंग साहेबांच्या हातात. गाडी बादलीपासून वीतभर अंतरावर थांबली आणि आमचा फिटर यासीन माझ्याकडे बघून हसला.

"ताई, गाडी काकू चालवतात. साहेब नुसते पायडल मारतात."

"हळू बोल."

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. चिपळुणात ही थट्टा जुनीच होती. ज्या माणसाला सगळी बाजारपेठ टरकायची, त्याला गाडीत बायको 'डावीकडे', 'उजवीकडे' करते, याची लोकांना मजा वाटे. भार्गव रेडीज म्हणजे वजनमापे निरीक्षक. आता निवृत्त झाले होते, पण त्यांना येताना पाहून काही दुकानदारांचा हात अजून तागडीकडे जायचा. लाचेला हात लावला नाही आणि ते कधी कुणाला विसरूही दिलं नाही. असा माणूस जमेच्या बाजूला धरावा की खर्चाच्या, हे मला कधी ठरवता आलं नाही.

माझं दुकान महामार्गाला लागून. सीट कव्हरं, मॅट, आणि गाड्यांची रबरं, म्हणजे दारांची बीडिंग, काचांची रबरं, सगळं. दुकान नवऱ्याने घातलं, तो मस्कतला गेला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. पावसाळा हा आमचा हंगाम. गळकी गाडी घेऊन आलेला माणूस पाणी कुठून येतं ते ठासून दाखवतो आणि तिथून ते हमखास येत नसतं. छतापाशी शिरतं, पत्र्याच्या आतून वाट काढतं आणि पायाशी निघतं. गिऱ्हाइकाचं सगळं ऐकायचं, मान डोलवायची आणि मग आपण आपलं शोधायचं, एवढं मी तोवर शिकले होते.

साहेब उतरले. दाराच्या कडेवरून हात फिरवत पुढे आले.

"कुंदा, तुमचं रबर फसवं आहे."

"बसा तरी आधी, साहेब."

"बसायला आलो नाही. जूनमध्ये डाव्या दाराला नवं बीडिंग बसवलं. श्रावण लागला आणि पाणी हिच्या मांडीवर! माल कमअस्सल आहे. मी नोकरीत असतो तर दुकानाला सील लावलं असतं."

"रबराला वजन लागत नाही, साहेब. तुमच्या खात्यात बसत नाही ते."

साहेबांना थट्टा आवडायची, फक्त हसू ते आतच ठेवायचे. "रविवारी कोल्हापूरला जायचंय," ते म्हणाले. "नातीचा साखरपुडा. कुंभार्ली घाट चढायचा. मुलगी म्हणते गाडी पाठवते. मी म्हटलं, गेली तीस वर्षं काय मी पायी येतोय? संध्याकाळपर्यंत गाडी कोरडी करून द्या."

काकू अजून गाडीतच होत्या. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर दोन्ही हात.

यासीनने डावं दार उघडलं तेव्हा दारातून डबक्यात दगड पडावा तसा आवाज आला. त्याने दार हलवून पाहिलं. आत पाणी हिंदकळत होतं.

"साहेब, दाराच्या तळाची भोकं कोणी बुजवली?"

"मी. पुट्टी भरली. पाणी येतं म्हणजे भोक आहे, आणि भोक आहे म्हणजे बुजवायला नको?"

"ती पाणी बाहेर जायची भोकं आहेत. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरणारच, ते खालून गळून जातं. तुम्ही वाटच बंद केलीत."

"मग तसं लिहायला नको का गाडीवर?" साहेब म्हणाले आणि यासीन खिळ्याने पुट्टी टोकरायला बसला. पुट्टी निघाल्याबरोबर गढूळ, गंजलेलं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. साहेब त्या दिशेला बघत उभे होते. पाणी त्यांच्या चपलेपर्यंत आलं तरी त्यांनी पाय काढला नाही. चप्पल भिजल्यावर दचकून मागे सरले.

मी ते पाहिलं आणि मनात एका बाजूला मांडून ठेवलं.

मग मी दाराच्या चौकटीचं बीडिंग बघितलं. जूनमध्ये मीच दिलेलं, काळंभोर, अजून मऊ. छताच्या बाजूला, बरोबर काकूंच्या डोक्यावर, ते तीन ठिकाणी चिरलेलं होतं. यासीन मान वाकडी करून म्हणाला, "उंदीर?"

उंदीर कुरतडतो. इतका सरळ उंदीर माझ्या पाहण्यात नाही. त्या चिरा पात्याच्या होत्या, घाई न करता मारलेल्या. मी गाडीत पाहिलं. काकूंनी टॉवेलवरचा उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. अंगठ्याला चिंधी होती.

"उष्णतेने फाटलंय," मी म्हणाले.

"श्रावणात?" साहेब म्हणाले.

"रबराला कधीही होतं."

साहेबांनी नाकातून आवाज काढला. मी गाडीला एक फेरी मारली. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातही पाणी उतरल्याचा ओघळ होता. रबर नवं, काचही नवी, आणि दोन्ही माझ्या दुकानातली नव्हती.

"काच कुठे बसवलीत?"

"रत्नागिरीला. कार्तिकात."

"इथे मी बसलेय आणि रत्नागिरीला?"

"हिचा हट्ट. म्हणाली, तिथेच जाऊ. तडकली होती. एक कुत्रं आडवं आलं."

मी कोपऱ्यावर बोट फिरवलं. काच ज्या पत्र्याच्या कडेवर बसते ती कड तिथे आत दबलेली होती. रत्नागिरीवाल्याने तशीच वर काच चढवली होती, म्हणून रबर टेकत नव्हतं. कड माझ्या छातीपाशी होती. एवढ्या उंचीचं कुत्रं आमच्या तालुक्यात नाही.

दुकानात बसणाऱ्या बाईला गप्प बसण्याचाही अंदाज असावा लागतो.

"पाणी मारून बघू," मी म्हणाले. "एकाने आत बसायचं, दारं-काचा गच्च लावून. बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. थेंब दिसेल तिथे आतल्याने खडूने खूण करायची."

एरवी आत यासीन बसतो. मी खडू घेतला. "मी आणि काकू बसतो. त्यांच्याच अंगावर पडतं, त्यांनाच ठाऊक कुठून येतं."

"मग पाइप माझ्याकडे द्या," साहेब म्हणाले. "तपासणी मी स्वतः करणार. तुम्ही तुमच्याच मालाला पास कराल."

"खालून सुरू करा, साहेब. हळूहळू वर. एकदम वरून मारलंत तर सगळीकडूनच आल्यासारखं दिसतं."

मी साहेबांच्या जागी बसले, काकू त्यांच्या जागी. दारं लावली, काचा वर केल्या. यासीनने पंप चालू केला आणि पत्र्यावर पाण्याचा धो-धो आवाज सुरू झाला. बाहेरचं काही ऐकू येईना. काचांवरून पाणी सरकत होतं, त्यामागे साहेबांची पांढरी बंडी हलत होती.

"काकू, अंगठा दुखतोय का?"

त्यांनी समोरच पाहिलं. "भाजी चिरताना लागला."

"कुठली भाजी? रबराची?"

मला वाटलं होतं चिडतील. काकूंचा स्वभाव तसा कडक. त्या नुसत्या हातातल्या टॉवेलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना नको सांगूस."

"का कापलंत?"

"भिजलेल्या सीटवर मी बसत नाही म्हटलं की गाडी निघणार नाही, असं वाटलं होतं. मी नसले की ते चालवत नाहीत." पाण्याचा आवाज दाराच्या मध्यापर्यंत आला होता. "तर म्हणाले, मागे बस. मागून सांग."

"काय सांगायचं?"

"सगळं. खांब, सायकल, म्हैस, वळण. त्यांना दिसत नाही, कुंदा."

बाजारात जी थट्टा चालायची तिच्यातला एक शब्दही थट्टेचा नव्हता.

"कधीपासून?"

"तीन-चार वर्षं. मधलंच दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. पेपर वाचायचे सोडले, म्हणाले बातम्यांत राम नाही. नोटा बोटांनी ओळखतात. आधी गाडीत विचारायचे, काही येतंय का गं? मग विचारायचेही थांबले, मीच सांगायला लागले. त्यांना वाटतं मला कळलेलं नाही. मला कळलंय हे मी दाखवत नाही. आमच्यात ते कधी बोललंच गेलं नाही."

वरच्या बीडिंगमधून पहिला थेंब आला आणि त्यांच्या टॉवेलवर पडला. मी खडूने खूण केली. दुसरा, तिसरा. त्यांनी मांडी हलवली नाही.

"आणि काच?" मी विचारलं.

काचेवर टकटक झालं. साहेब ओरडून विचारत होते. मी दाखवायला खडू उचलला, मग आतून काचेवर तशीच टकटक केली. ते पुन्हा कामाला लागले, पायरीपायरीने, अगदी शिस्तीत.

"दिवाळी झाली होती," काकू म्हणाल्या. "आम्ही गुहागरकडून येत होतो. तिन्हीसांजा. मी जरा मागे वळले होते, सीटवर नारळांची पिशवी कलंडली म्हणून. तेवढंच. मग आवाज झाला. काच कोपऱ्यात पांढरी झाली. मी वळून पाहिलं तर गवताचा भारा रस्त्यावर सुटलेला, आणि कडेला दगडी गडग्यापाशी बाई."

मी हातातला खडू सीटवर ठेवला.

"हे म्हणाले, काय होतं? ब्रेकवर पाय होता. मी म्हटलं, कुत्रं. चला."

"काकू."

"हालत होती ती. हात हालत होता. मला दिसलं. मी म्हटलं, कुत्रं होतं, पळालं, चला, अंधार पडतोय. मी म्हटलं म्हणून चालले ते. मी थांबा म्हटलं असतं तर थांबले असते."

"का म्हणालात तसं?"

पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पाण्याची रेघ उतरायला लागली होती. मी तिथे खूण करायची विसरले.

"तुरुंग वगैरे डोक्यात आलं नाही. ती जगेल की मरेल, तेही नाही. एवढंच आलं की हे उतरतील, बघतील, आणि मग ह्यांना कबूल करावं लागेल की आपल्याला दिसत नाही. चारचौघांत. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याचा काटा तपासला, त्याला." त्यांनी चिंधी बांधलेला अंगठा दुसऱ्या हाताने दाबून धरला. "पेपरात आलं होतं. भागीरथी गोताड. सकाळी गुरं सोडायला आलेल्यांना सापडली. जिवंत होती तेव्हा. दवाखान्याच्या वाटेवर गेली. रात्रभर होती ती तिथे, कुंदा. मी घरी येऊन ह्यांना भात वाढला."

बाहेर पंप बंद झाला. अचानक इतकं शांत झालं की काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"रविवारी घाट आहे," त्या हाताआडून म्हणाल्या. "तू रबर नको बसवूस. म्हण मिळत नाही. म्हण गाडीच टाकाऊ आहे."

"मी नाही म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जातील. गाडी पाण्याने थांबायची नाही, काकू. ती तुमच्या शब्दावर चालते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी दार उघडलं.

"काय? सापडलं की नाही?"

"सापडलं," मी म्हणाले. "दोन ठिकाणी आहे."

काम संध्याकाळपर्यंत चाललं. पुढची काच काढली, यासीनने दबलेली कड पकडीने ओढून सरळ केली, गंज घासला, नवं रबर दोरी घालून बसवलं. दाराचं बीडिंग बदललं. साहेब शेजारी स्टुलावर बसून यासीनला बीडिंग कसं ताणावं ते शिकवत होते. यासीन "हो साहेब" म्हणत होता आणि स्वतःच्या पद्धतीने करत होता. काकू आत माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या. चहा दिला तो तसाच निवला. पोलिसांत मी जायचं की त्यांनी, हे माझ्या डोक्यात फिरत होतं आणि त्याचा मेळ कुठल्याच बाजूने बसत नव्हता.

बीडिंग बसल्यावर मी कागदाची पट्टी घेतली, दारात धरून दार लावलं आणि ओढली. पट्टी फाटली, पण सुटली नाही. तीच पट्टी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी फाटलेली कड बोटांनी चाचपली आणि पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

"पास," ते म्हणाले. "इंदू, चल गं. अंधार व्हायच्या आत घरी जाऊ."

काकू उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, माझ्याकडे न बघता चालत गेल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. दाराची काच खालीच होती. साहेबांनी गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला आणि डोकं किंचित डावीकडे कललं, जसं रोज कलत असणार. मागे शेडचा खांब, त्याच्या मागे दहा पावलांवर महामार्ग. पाऊस जोरात होता.

त्यांनी वाट पाहिली.

काकू समोर बघत बसल्या होत्या.

"हं?" साहेब म्हणाले.

एक टँकर हॉर्न देत गेला. त्याचं पाणी शेडपर्यंत उडालं.

"इंदू. येऊ का?"

यासीन मदतीला पुढे झाला. "या साहेब, या..." मी त्याचा दंड धरला. तो माझ्याकडे बघत राहिला.

साहेबांनी क्लच सोडला, गाडी हातभर मागे गेली आणि त्यांनी घाबरून ब्रेक दाबला. मान मागे वळवली, पुन्हा पुढे. हात स्टेअरिंगवर इकडून तिकडे सरकत होते.

"अगं, बोल ना. काय झालंय तुला? खांब किती लांब आहे?"

काकूंच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले होते. महामार्गावरून एस.टी. गेली, दोन ट्रक गेले. मग रस्ता मोकळा झाला. शेडखालून मलाही दिसत होतं की आता मोकळा आहे. एक शब्द पुरला असता. त्या बोलल्या नाहीत.

साहेबांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात धरली.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, कुणीतरी वेळ विचारल्यावर सांगावी तसा. "इंदू, मला दिसत नाही."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "आता ऐका."

त्यांनी हँडल फिरवून काच वर केली. बीडिंग नवं होतं, रबर घट्ट बसलं होतं. त्यानंतर आतलं अक्षरही बाहेर आलं नाही. काचेमागे त्यांचे ओठ हलताना दिसले. साहेब सुरुवातीला त्यांच्याकडे तोंड करून बसले होते. मग त्यांनी तोंड समोर वळवलं. मग कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. हळूहळू काचा आतून धुरकटल्या आणि ते दोघंही दिसेनासे झाले.

"काय चाललंय, ताई?" यासीनने विचारलं.

"थांब," एवढंच मी म्हणाले.

दिवे लावायची वेळ झाली तरी मी दिवा लावला नाही. शेवटी साहेबांचं दार उघडलं. ते उतरले, पत्र्याचा आधार घेत मागच्या दारापर्यंत आले. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे उघड उघड चाचपडत आले. मी पुढे झाले. त्यांनी किल्ली हवेत पुढे केली, मी जिथे नव्हते तिथे.

"यासीनला चालवता येते ना?"

"येते, साहेब."

"आम्हाला ठाण्यावर जायचंय." मागचं दार उघडून ते आत बसले. बसल्यावर पुन्हा बाहेर वाकले. "कुंदा, तुम्हाला तिने सगळं सांगितलंय, असं म्हणते. उद्या कुणी विचारायला आलं तर एवढं ध्यानात ठेवा. चालवत मी होतो."

पुढच्या सीटवरून काकू उतरल्या. आपल्या बाजूचं मागचं दार उघडून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"बघत मी होते," त्या म्हणाल्या.

यासीनने गाडी चालू केली आणि रस्ता मोकळा आहे का ते बघायला मान वळवली.